अजून एक थर

ट्रकमध्ये भरायचा माल दोन जातींचा असतो. पहिल्या जातीत हौदा अर्धा रिकामा दिसतो, पण खालचे स्प्रिंगचे पाटे पार बसलेले असतात. सिमेंट, सळई आणि साखर ही या जातीची मंडळी. दुसऱ्या जातीत पाटे ताठ असतात आणि हौदा दिसतच नाही. कडबा, कापूस आणि भुसा हे त्यातले. पहिल्या जातीला वजनकाटा आवरतो. दुसऱ्या जातीला आवरणारं जमिनीवर काहीच नसल्यामुळे ती विजेच्या तारेला लागेपर्यंत वाढत राहते.

या दुसऱ्या जातीचा उत्तम अभ्यास कडब्याच्या ट्रकवर करता येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पिकते. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कणसं खुडून उरलेल्या वाळक्या ताटांना, म्हणजे कडब्याला, मानांकन नाही, पण मागणी आहे. फेब्रुवारी-मार्चात काढणी झाली की या ताटांच्या पेंढ्या बांधल्या जातात आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या दुभत्या जनावरांकडे निघतात. मालदांडीचं ताट पुरुषभर किंवा त्याहून उंच असतं. ते रानात उभं असताना कौतुकाचं असतं, ट्रकमध्ये आडवं पडलं की अडचणीचं होतं, कारण ट्रक बांधणाऱ्याने ज्वारी डोळ्यांपुढे ठेवून हौद्याची रुंदी ठरवलेली नसते.

कडबा विकला जातो पेंढ्यांच्या शेकड्यावर, ट्रकचं भाडं मात्र ठरतं खेपेवर. हा विषयाचा गाभा आहे. खेपेचे पैसे ठरलेलेच असल्यामुळे ट्रकवर चढणारी प्रत्येक जादा पेंढी फुकट प्रवास करते, आणि फुकट प्रवास करणाऱ्याला खाली उतरवणं आपल्याकडे कुणालाच जमलेलं नाही. म्हणून कडब्याच्या ट्रकची उंची ना कारखाना ठरवतो, ना चालक. ती भाडं ठरवतं. बाकीची मंडळी फक्त ‘बसतोय की अजून एक थर’ एवढंच म्हणतात. हे वाक्य माल घेणारा म्हणतो, विकणारा म्हणतो, भरणारे म्हणतात आणि बांधावर बसून नुसतं बघणाराही म्हणतो. बघणाऱ्याच्या आवाजात सर्वांत जास्त खात्री असते.

माल भरणं म्हणजे खालून वर टाकणं, असा शहरी समज आहे. माल रचून बसवण्याच्या कामाला बाजार समितीच्या पट्टीत ‘वाराई’ असा स्वतंत्र रकाना आहे. हमाली वेगळी, तोलाई वेगळी, वाराई वेगळी. उचलणं, मोजणं आणि रचणं ही तीन निरनिराळी शास्त्रं आहेत हे बाजार समितीला कळलेलं आहे. कडबा रचणारा माणूस बहुधा सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत कमी बोलणारा असतो. खालून दोघे पेंढ्या फेकतात, वर तो त्या झेलून बसवतो. पहिले थर हौद्याच्या कडेच्या फाळक्यांच्या आत असतात, त्यांत कसब लागत नाही. फाळक्याच्या वर आलं की खरी रचना सुरू होते. पेंढीचा बुडखा जड, शेंडा हलका. बुडखे बाहेर आणि शेंडे आत अशी दोन्ही बाजूंनी मांडणी करायची, शेंडे मध्ये एकमेकांत गुंतवायचे आणि मधला भाग पोकळ राहू द्यायचा नाही. मध्ये पोकळी राहिली तर पहिल्याच गतिरोधकावर दोन्ही बाजू एकमेकींना भेटायला आत येतात, किंवा रुसून बाहेर जातात.

फाळक्याच्या वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा बाहेर येतो. इथे दहीहंडीची आठवण येणं साहजिक आहे, पण ती उलटी आहे. गोविंदांच्या मनोऱ्यात खाली जाडजूड गडी असतात आणि वर चढेल तसे थर लहान आणि हलके होत जातात. अगदी वर एक चिमुरडं असतं. कडब्याच्या ट्रकमध्ये तळाचा थर अंग चोरून बसलेला असतो आणि वरचा ऐसपैस. शिवाय दहीहंडी एका जागी उभी असते, तिला सांगलीच्या वाटेवरच्या नागज फाट्याकडे जायचं नसतं.

केबिनच्या टपावरही कडबा येतो आणि पुढच्या काचेवर झिपऱ्यांसारखा ओघळतो. चालकाला मग रस्ता दिसतो, आकाश दिसत नाही. मागे नंबरपाटी, लाल दिवे आणि सुविचार सगळे झाकले जातात. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ला बंदी घातली. त्या बंदीचं सर्वांत कसोशीने पालन कडब्याच्या ट्रकांनी केलं आहे.

रचून झालं की आवळणं. काथ्याचा दोर हाताला चरचरीत आणि गाठीला इमानी होता. आता नायलॉनचा आला आहे. तो मजबूत आहे, पण गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ त्यावर टिकत नाही आणि ताण आला की तो थोडा लांबतोही. दोर एका बाजूच्या आकड्याला बांधून मालावरून पलीकडे फेकतात. पलीकडे क्लीनर उभा असतो. तो दोराला कमरेच्या उंचीवर एक फासा करतो, टोक खालच्या आकड्यातून ओवून पुन्हा वर आणतो, फाशातून घालतो आणि मग स्वतःला त्या टोकाला टांगून घेतो. ही कप्पी नसलेली कप्पी आहे. हिशेबाने एका माणसाच्या जोराचे तीन माणसांचे जोर होतात, त्यातला बराचसा दोराच्या घासण्यात जातो. उरलेल्यासाठी चालक क्लीनरच्या कमरेला मिठी मारून तोही लोंबकळतो. हे दृश्य लांबून कुस्तीसारखं दिसतं. दोर वाजला, म्हणजे बोटाने छेडल्यावर टणक आवाज आला, की आवळणं पुरं झालं असं समजतात.

ते पुरं झालेलं नसतं. कडबा हा बसणारा माल आहे. दहा-पंधरा किलोमीटर हादरे खाल्ले की पेंढ्यांमधली हवा निघून जाते, थर खाली दबतात आणि निघताना टणटणीत वाजणारा दोर धुण्याच्या दोरीसारखा झोके घेऊ लागतो. जाणता चालक म्हणून पहिल्या चहाला लवकर थांबतो आणि दोर पुन्हा आवळतो. महामार्गालगत काही टपऱ्या गावापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर का असतात, याचं उत्तर चहाच्या चवीत शोधून मिळणार नाही. अजाणता चालकही थांबतो, पण तो फक्त चहा घेतो.

आता थोडं पदार्थविज्ञान. प्रत्येक वस्तूला एक गुरुत्वमध्य असतो. तो दिसत नाही, भाडं देत नाही आणि गाडी उभी राहणार की आडवी होणार हे तोच ठरवतो. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्ये कुठेही पडला तर गाडी उभी, चाकाबाहेर गेला तर आडवी. ट्रकच्या डाव्या-उजव्या चाकांत सुमारे १.८ मीटर अंतर धरलं, तर ओळंब्याला मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला ०.९ मीटर सरकायची मुभा असते. गावच्या मापाने या होतात चार विती. गाडीचं सगळं भांडवल या चार विती. पुढचा प्रवास म्हणजे हे भांडवल कोणकोण खातं त्याची जमाखर्चाची वही.

रिकाम्या ट्रकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरभरावर असतो. कडब्याने तो दोन मीटरवर गेला असं धरू. डावं चाक २० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं. खड्डा वीतभराहून कमीच. गाडी डावीकडे कलते आणि गुरुत्वमध्य साधारण वीतभर डावीकडे सरकतो. चारांतली एक वीत गेली. त्याच वेळी पाच मीटर उंचीवर बसलेली पेंढी सव्वा हात बाहेर झुकते आणि शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला वरून वाकून बघते. गाडी कलल्यावर खालच्या बाजूचे पाटे आणखी दबतात, माल त्या बाजूला आणखी रेलतो आणि दुसऱ्या वितीतलाही तुकडा तोडतो. मोकळ्या माळावर आडवा वारा असला तर त्याचंही खातं मांडावं लागतं, कारण एवढा कडबा म्हणजे शीड असलेलं जहाजच, फक्त सुकाणू नसलेलं.

वळणाचा हिशेब याहून कडक आहे. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर हाच ट्रक ताशी २४ किलोमीटरने गेला, तर बाहेर फेकणारा जोर एक वीत खातो. वेग दुप्पट केला तर खर्च दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४८ ला चारही विती संपतात. रिकामा ट्रक त्याच वळणावर वेग वाढवत गेला तर उलटण्याच्या आधी टायर घसरतील, म्हणजे चालकाला निदान आवाज तरी येईल. उंच भरलेला ट्रक घसरत नाही. तो शांतपणे आतली चाकं उचलतो. त्यांतून ‘अरे, हलकी झाली गाडी’ असा गोड भास होतो आणि तो फार वेळ टिकत नाही. पुणे-सातारा मार्गावर खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर लागणारं ‘एस’ आकाराचं वळण याच कारणाने कुप्रसिद्ध आहे. उतारावर आलेला वेग पहिल्या वळणाने माल एका बाजूला रेलवतो. तो सावरतो न सावरतो तोच दुसरं वळण त्याला उलट बाजूला हाक मारतं, आणि माल त्या हाकेला उत्साहाने ओ देतो.

खड्ड्याबद्दल एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. दोन्ही चाकं एकदम आत जाणारा आडवा चर हा तुलनेने सज्जन असतो. गाडी त्यात खाली जाते, वर येते, बाजूला कलत नाही. उंच मालाचा खरा वैरी म्हणजे एका बाजूचा खड्डा, आणि त्याहून मोठा वैरी म्हणजे खचलेली साइडपट्टी. डांबर संपतं तिथे वीतभर खाली मुरूम असतो. समोरून एसटी आली की कुणीतरी खाली उतरायचं असतं आणि एसटी उतरत नाही. मग चालक डावी चाकं मुरुमावर घेतो, तेव्हा वहीतून एक वीत कायमची वजा होते, आणि मुरूम ओला असला तर बाकीच्याही.

गतिरोधक शास्त्रशुद्ध असेल तर त्याची काळजी नसते. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा लांबट उंचवटा असावा, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता यावा. प्रत्यक्षात गतिरोधक गावचं पोर वाचलं किंवा न वाचलं त्या दिवशीच्या रागाच्या उंचीचा असतो. कडब्याचा ट्रक त्यावरून जाताना आधी पुढून वाकतो, मग मागून, आणि वरचा माल या दोन्ही नमस्कारांत अर्ध्या सेकंदाने मागे असतो. म्हणून जुने चालक गतिरोधक सरळ ओलांडतात. तिरकं चाक घातलं की एक बाजू आधी उचलते आणि ट्रक शहारल्यासारखा आडवा हलतो. कारवाल्यांनी तळ घासू नये म्हणून शोधलेली ती तिरकी युक्ती इथे चालत नाही.

मागचं दिसत नसल्यामुळे कडब्याच्या ट्रकला आरसा असून नसल्यासारखा. त्याची जागा क्लीनर घेतो. तो दारातून अर्धा बाहेर असतो आणि पत्र्यावर थाप मारून कळवतो. एक थाप थांबा, दोन थापा चला, अशी एसटीच्या घंटीशी जुळणारी भाषा आहे. ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या’ ही ओळ मागे घेताना म्हणायची असते आणि तिच्या शेवटी ‘बस्स!’ असतं. हे ‘बस्स’ धडकेच्या आधी आलं की क्लीनर हुशार आणि नंतर आलं की नवीन. पगार दोघांनाही सारखाच.

रस्ता अरुंद आणि जुना असेल तर दोन्ही कडेला झाडं असतात. वडाच्या फांद्या ट्रकला विंचरतात आणि प्रत्येक फांदी आपला वाटा काढून घेते. त्या हंगामात किती उंच ट्रक गेले याची नोंद वाहतूक खात्याकडे नसेल, पण फांद्यांवर लोंबणाऱ्या कडब्याच्या काड्यांवरून ती मोजता येते. कमी उंचीच्या पुलाखालीही हेच होतं. सिमेंटच्या पाइपांचा ट्रक पुलाखाली अडकतो, कडब्याचा अडकत नाही. तो वरचा एक थर पुलाला देऊन पुढे निघून जातो. हा कर रोख घेतला जात नाही, पावती मिळत नाही आणि आसपासच्या गाईंना त्या पुलाचा ठिकाणा तोंडपाठ असतो.

विजेच्या तारांचं मात्र असं नाही. कडबा पूर्ण वाळलेला असतो आणि गावातल्या तारा उन्हाने आणि वयाने सैल होऊन खाली आलेल्या असतात. तारेला घासून ठिणगी पडली की वरचा थर पेटतो आणि केबिनमध्ये बसलेल्यांना ते सर्वांत शेवटी कळतं. आधी रस्त्यावरची माणसं हात हलवतात. चालकाला वाटतं ओळखीचे आहेत, म्हणून तोही हात हलवतो. पुढे जे घडतं त्याची बातमी दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या पुरवणीत येते. चालक पेटता ट्रक घरांच्या ओळीतून बाहेर काढतो, मोकळ्या रानात किंवा ओढ्याकडे नेतो आणि उडी मारतो. त्या दोन मिनिटांपुरता या लेखातला विनोद बाजूला ठेवलेला बरा. तारा उचलायला माथ्यावर बांबू घेऊन माणूस बसवण्याची पद्धतही आहे. वाळका बांबू चालतो, अशी त्यामागची श्रद्धा. बांबू किती वाळला आहे हे सांगणारं उपकरण म्हणजे तो माणूसच.

ऊस आणि कापूस हे कडब्याचे चुलत भाऊ, त्यांच्याविषयी थोडक्यात. उसाच्या मोळ्या जड असतात, त्यामुळे तिथे उंची आणि वजन दोन्ही एकाच वेळी सतावतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर जोडले की मागच्या ट्रेलरला स्वतःचं मत येतं. उसाला सोय अशी, की भरताना तळाशी वायररोप अंथरलेले असतात आणि कारखान्यात क्रेन ते धरून सगळा भार एकदम गव्हाणीत ओतते. कापूस याच्या उलट. जिनिंगकडे निघालेला सुटा कापूस जाळीच्या आत चहूकडे फुगतो. तो मागून येणाऱ्याला आभाळासारखा वाटतो. सावरायला मात्र तो सर्वांत अवघड, कारण दोर आवळेल तिथे आत जातो आणि शेजारी दुप्पट बाहेर येतो.

कायद्याचं म्हणणं स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९३ सांगतो की माल हौद्याच्या बाजूंबाहेर येऊ नये, पुढे येऊ नये, मागे येऊ नये आणि ठरलेल्या उंचीच्या वर जाऊ नये. साध्या ट्रकसाठी ही उंची चार मीटरच्या घरात आहे. कडब्याचा ट्रक या चारही अटी एकाच वेळी मोडतो. इतका सर्वसमावेशक गुन्हा मोटार वाहन कायद्यात दुसरा सहसा सापडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च. उतरवलेला कडबा रस्त्याच्या कडेला ठेवायचा तर राखण कोण करणार, आणि दुष्काळी वर्षी चारा छावणीला निघालेला ट्रक अडवायचा तर गावकऱ्यांना उत्तर कोण देणार, असे दोन प्रश्न कायद्याने सोडवलेले नाहीत. ते सहसा नाक्यावर, सावलीत, तोंडी सोडवले जातात.

अवकाळी पावसाचा धडा छोटा आहे. ताडपत्री असते, पण ती माल फाळक्याएवढा असताना विकत घेतलेली असते. वरचा थर भिजला की जड होतो, म्हणजे नेमकं जिथे वजन नको तिथेच ते वाढतं. भिजलेला कडबा काळा पडतो आणि जनावर तोंड फिरवतं. त्या जनावराला नंतर कुणी समजावू शकत नाही.

इतकं करूनही ट्रक उलटतो. ‘उलटला’ असं चालक म्हणत नाही, तो ‘गाडी बसली’ म्हणतो. पुष्कळदा ते साइडपट्टीवर, मंद वेगात घडतं. माल मऊ असल्यामुळे ट्रक गादीवर कूस बदलावी तसा आडवा होतो आणि केबिनमधले दोघे वरच्या दारातून बाहेर निघतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते की वाहतूक दोन तास ठप्प होती. त्या दोन तासांत काय चाललं होतं ते बातमीत नसतं. ट्रक सरळ करायला क्रेन किंवा जेसीबी लागतो, पण त्याआधी कडबा उतरवावा लागतो आणि नंतर तोच पुन्हा चढवावा लागतो. मोजणी पुन्हा होते आणि आकडा पहिल्यापेक्षा कमी भरतो. मग रचणारा नवा असतो, तो घाईत असतो, आणि गर्दीतून कुणीतरी बघून सांगतो की अजून एक थर बसतोय.

ट्रक पोहोचला की गोठ्याचा मालक आधी चहा विचारत नाही, पेंढ्या मोजतो. निघताना मोजलेल्या आणि पोहोचल्यावर मोजलेल्या यांच्यातला फरक वडाचा, पुलाचा आणि वाटेत ट्रकच्या मागे चालत आलेल्या दोन म्हशींचा असतो. मालकाला यांपैकी कुणाचंच नाव पटत नाही. शेकड्यामागे दोन-चार सोडून देण्यावर गोष्ट येते. वरचे थर फेकून उतरवतात, खालचे ओढून काढतात. सर्वांत खालची, फाळक्याच्या आतली रांग अजून तशीच ताठ आणि कोरडी असते. तिच्यावर काय काय गेलं याची तिला कल्पना नसते.

क्लीनर हौदा झाडतो, उरलेलं भुसकट एका पोत्यात भरून ठेवतो आणि दोराची वेटोळी करून टपावर टाकतो. ट्रक परत निघतो. आता गुरुत्वमध्य मीटरभरावर आलेला असतो, पाठ मोकळी होऊन नंबरपाटी दिसत असते आणि प्रत्येक खड्ड्यात फाळके खडखड वाजतात. नागज फाट्याच्या अलीकडे एक माणूस रस्त्यात हात करून उभा असतो. त्याला थोडीशी पिंपं न्यायची असतात, रिकामी, अगदी हलकी.